तेवीस चाव्यांची जैबूखाला

बत्तीस वर्षं मी एस.टी.च्या स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या. त्यामुळे माणूस दिसला की तो येणारा आहे की जाणारा, एवढंच मी आधी बघतो. रेवदंड्यात जाणारेच फार. आमच्या किनारा अपार्टमेंटमध्ये अठरा फ्लॅट, त्यातले अकरा गेल्या जूनपर्यंत बंद होते. मालक कुणी कुवेतला, कुणी दोहाला, कुणी मस्कतला. घर बांधायचं इथं, राहायचं तिथं, आणि वर्षातून वीस दिवस येऊन 'फार दमट आहे बुवा इथं' म्हणून कुरकुर करायची. दमट आहेच. तुम्ही आलात म्हणून समुद्र काय सुट्टीवर जाणार?

सोसायटीचा सेक्रेटरी मी. नाव गुणाजी तांडेल. माझी निवड एकमतानं झाली, कारण त्या दिवशी सभेला मत एकच होतं आणि ते माझं होतं. दुसरी एक बाई हजर होती, पण तिनं आधीच सांगितलं होतं, "माज्याकडं चाव्या हायत, मत न्हाय."

ती बाई म्हणजे जैबुन्निसा. सगळा गाव तिला जैबूखाला म्हणतो, आम्ही कोळी मंडळीसुद्धा. वय विचारलं तर "तुज्यापेक्षा चार ईदींनी मोठी" असं सांगते, आणि हे ती गेली दहा वर्षं सांगते आहे. आमच्या बिल्डिंगच्या मागे मोहल्ल्यात तिचं छोटं कौलारू घर आहे. नवरा जहाजावर खलाशी होता, तो कधीच गेला. मुलगा अफान बहारीनला, त्याच्या दोन मुली यशरा आणि दुआ तिथंच जन्मल्या. आजीला त्या मोबाइलवर दिसतात, बहुतेक वेळा कपाळापासून वर.

खालाच्या कमरेला चाव्यांचा जुडगा असतो. तेवीस घरांच्या चाव्या. आमच्या बिल्डिंगमधली अकरा घरं आणि मोहल्ल्यातली बारा. चाव्यांवर नंबर नाहीत. प्रत्येकीला कापडाची एक चिंधी बांधलेली, आणि चिंधी त्या त्या घरातल्याच कपड्याची. कुणाच्या पडद्याची, कुणाच्या दुपट्ट्याची, एक तर कुणाच्या तरी सुंतेच्या कुर्त्याची. कुठली चिंधी कुठल्या घराची हे तिच्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नाही. म्हणजे जुडगा चोरून चोराच्या हाती काही लागलं नसतं, फक्त जुनं कापड.

ही चाव्या सांभाळते म्हणजे नुसत्या खुंटीला टांगून ठेवत नाही. बंद घर आमच्याकडे सहा महिन्यांत सडतं. गाद्यांना बुरशी, चौकटींना वाळवी, कुलपांना गंज, संडासाच्या भांड्यातलं पाणी आटलं की गटारातून झुरळांची वरात. म्हणून दर गुरुवारी दुपारची नमाज झाली की खाला आमच्या बिल्डिंगमध्ये येणार. आधी गच्चीवर जाऊन बंद फ्लॅटांच्या टाकीचे वॉल्व उघडणार, मग वरून खाली एकेक घर घेणार. खिडक्या उघड, नळ सोड, पंखा फिरव, गाद्या उलट, कपाटात लवंगा टाक. हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. "अमानत हाय," ती म्हणाली. कुणी विश्वासानं आपल्या हाती ठेवलं ते जसंच्या तसं परत द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण तो शब्द ती असा उच्चारते की ऐकणारा जरा सरळ उभा राहतो.

आणखी एक खोड. कुठलंही बंद घर उघडलं की उजवं पाऊल आत टाकून ती मोठ्यानं सलाम करते. आत कुत्रं नसतं.

"कुणाला सलाम करतेस गो?" मी जिन्यातून विचारलं.

"घराला. रिकाम्या घरालापन करायचा असतो."

"आणि घर काय म्हणतं?"

"तू तुज्या पायऱ्या उतर," ती म्हणाली.

स्वतःच्या घरातही ती असाच सलाम करून शिरते. तिथंही कुलूप तीच काढते आणि तीच लावते.

या सगळ्या घरांत तिचं लाडकं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा नझीरचा फ्लॅट. नझीर कुवेतला असतो. त्याची आई मरियमबी ही खालाची मैत्रीण, एकाच वर्षी दोघी लग्न होऊन मोहल्ल्यात आल्या. चार वर्षांपूर्वी मरियमबी त्याच फ्लॅटच्या मागच्या खोलीत वारली. नझीरनं आईचा पलंग, ट्रंक आणि शिलाई मशीन त्या खोलीत ठेवून तिला कुलूप लावलं, आणि त्याची चावी खालाकडच्या फ्लॅटच्या हिरव्या चिंधीलाच बांधली. मरियमबीनं जायच्या आधी खालाचा हात धरून सांगितलं होतं, "माजी खोली कुबट करू नको गो जैबू." खालानं हो म्हटलं. तेव्हापासून दर गुरुवारी, ज्याला ती जुमेरात म्हणते, ती खोली उघडून, खाडीकडची खिडकी उघडून, पलंगाच्या कडेवर बसून मैत्रिणीसाठी कुराणातलं पठण करते. मग घटकाभर गप्पा मारत असावी. मरियमबी हयात असताना तिनं खालाला बोलू दिलं नव्हतं, आता संधी मिळाली.

गेल्या जूनमध्ये नझीरनं तो फ्लॅट भाड्यानं दिला. भाडेकरू मनाली, वय एकोणतीस, मूळची माणगावची, शेजारच्या गावची तलाठी म्हणून बदलून आलेली. एकटी राहणारी, ताठ चालणारी, बोलणं मोजकं. स्कूटीच्या डिकीत कायम सातबाऱ्यांचा गठ्ठा. नझीरनं तिला फोनवर सांगितलं, "मागची खोली बंद राहील, बाकी घर तुमचं." मनालीनं मान्य केलं, करार झाला. खालाकडची चावी मात्र कुणी परत मागितली नाही. नझीर विसरला. मी सेक्रेटरी, मला तर सुचलंच नाही.

आता मी तुमच्यापासून काही लपवत नाही. मला हे तीन महिन्यांनी कळलं, तुम्ही आत्ताच ऐका. मनाली रोज नऊला बाहेर पडायची, सहाला यायची. आणि दर गुरुवारी दुपारी खाला त्या फ्लॅटचं लॅच उघडून, हॉल ओलांडून, मरियमबीच्या खोलीत जात होती. पूर्वीसारखीच. तिच्या मनात ती मनालीच्या घरात जातच नव्हती. मरियमच्या खोलीत जात होती. मधे हॉल लागतो याला तिचा काय इलाज?

बरं, नुसती ओलांडून गेली असती तरी निभावलं असतं. पण बाईचे हात स्वस्थ बसणारे नव्हेत. जाता जाता दुधावर ताटली झाक, येता येता गॅसचा खटका बंद कर, खिडकीतून पाऊस येतोय तर वाळत घातलेला टॉवेल काढून घडी करून ठेव. तेवीस घरांची सवय होती ती.

इकडे मनालीचं दुसरंच महाभारत चालू होतं. तळमजल्यावर सोनूबाई राहते, चंदर नाखव्याची बायको. चंदरची होडी, सोनूबाईची विक्री, आणि उरलेला माल गच्चीवर वाळत. ऑगस्टात होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, आणि पावसानं उघडीप दिली की सोनूबाई जवळ्याची टोपली डोक्यावर घेऊन मनालीच्या दारावरून गच्चीवर जायची. जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळली की वाऱ्याबरोबर भुर्रकन उडते. मनालीचे धुतलेले कपडेही गच्चीवरच. एके दिवशी ही तहसीलमध्ये बैठकीला बसली आणि साहेबांनी चहूकडे नाक फिरवून विचारलं, "बोंबील कुणी आणलेत?"

संध्याकाळी जिन्यात जुंपली.

"बाई, गच्ची सगळ्यांची आहे. तुमची मासळी माझ्या कपड्यांवर उडते."

"गच्ची सगल्यांची, तर माजीपन हाय ना? तुजे कपडे माज्या जवल्यावर ठिबकतात, त्याचं काय?"

"मला वासाचा त्रास होतो."

"खाताना होत न्हाय, वालताना होतो व्हय?"

"मी लेखी तक्रार करीन."

"कर. कामाला जा तू खुशाल. मागं तुज्या घराकडं मी बगते."

हे शेवटचं वाक्य सोनूबाई दिवसातून दहा जणांना ऐकवते. त्यात अर्थ काही नसतो, नुसती फोडणी असते. पण मनालीला ते कसं कळावं? त्यानंतरच्या गुरुवारी ती घरी आली तर ओट्यावर दुधाच्या पातेल्यावर ताटली. सकाळी ठेवली नव्हती, नक्की नव्हती. पुढच्या गुरुवारी टॉवेल घडी करून खुर्चीवर. त्याच्या पुढच्या गुरुवारी हॉलच्या फरशीवर वाळलेल्या जवळ्याचे सहा दाणे. खाला वॉल्व उघडायला गच्चीवर गेली की सोनूबाईच्या जवळ्यातून चालत यायची, सलवारीच्या घेराला चिकटलेला जवळा इथं हॉलमध्ये गळायचा. मनालीनं तो उचलून कागदाच्या पुडीत बांधला.

तलाठी बाई. हिनं रडायचं सोडून पंचनामा केला. एका रविवारी सकाळी माझं दार वाजवून म्हणाली, "काका, पंच म्हणून सही लागेल." मी वाचायला घेतलं. 'आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, स्वयंपाकघरातील ओट्यावर स्टीलचे पातेले, अंदाजे एक लिटर मापाचे, त्यावर ताटली पालथी घातलेली आढळली. सदर ताटली सकाळी मोरीत होती. हॉलमध्ये दारापासून चार पावलांवर सुका जवळा, नग सहा, मिळून आला. चीजवस्तू गेलेली नाही.'

"काहीच गेलेलं नाही?" मी विचारलं.

"नाही."

"मग चोर काय फक्त आवरून जातो? माझ्याकडे पाठवून दे."

ती हसली नाही. त्या वेळी मला तिचा राग आला. आता स्वतःचा येतो.

"कुणीतरी माझ्या घरात शिरतंय, काका. घेतलं काय हा प्रश्नच नाही. आणि कोण ते मला माहीत आहे. ती बाई तोंडावर बोलली होती. उद्या मी पोलिसांत जाणार, त्याआधी सोसायटीची सभा घ्या."

मी कुलूप बदलायचा सल्ला दिला. तिनं त्याच दिवशी अलिबागहून माणूस आणून लॅच बदलून घेतलं. सभा मी त्याच संध्याकाळी पाचला ठेवली. मी पुकारलेली गाडी कधी उशिरा सुटली नाही, सभाही वेळेवर लागली. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. सोनूबाई पदर खोचून आली, मागे चंदर, जाळं सांधता सांधता उठवून आणल्यासारखा. मनाली फाइल घेऊन. आणखी दोनचार बिऱ्हाडं. आणि एका कोपऱ्यात जैबूखाला, कारण दहा बंद फ्लॅटांच्या वतीनं सभेला तीच बसते.

मनालीनं पंचनामा मोठ्यानं वाचला. 'नग सहा' ऐकताच सोनूबाई उसळली.

"जवला माजा म्हनजे चोर मी? गावात जवला मीच वालवते? देवीची आन घेऊन सांगते, हिच्या उंबऱ्यावर पाय ठेवला असंल तर होडी बुडंल आमची!"

"होडीला मधे आणू नको," चंदर घाईघाईनं म्हणाला.

"पोलीस ठरवतील," मनाली म्हणाली. "पातेल्यावर ताटली ठेवली कुणी? टॉवेलची घडी..."

"ताटली मीच ठेवली," कोपऱ्यातून आवाज आला. "मांजर फिरत होता."

आम्ही सगळे वळलो. खाला निवांत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर एवढंच होतं की या साध्या गोष्टीसाठी इतक्या खुर्च्या कशाला मांडल्या.

"तुम्ही?" मनाली म्हणाली.

"व्हय. आणि तो टॉवेल वल्लाच ठेवतेस गो पोरी, बुरशी येते. आणि गॅसचा खटका..."

"खाला, तू हिच्या घरात गेलीस?" मी मधेच विचारलं. माझा आवाज माइकवरचा झाला होता.

"हिच्या घरात मी कशाला जाऊ? मी मरियमच्या खोलीत गेले. दर जुमेरातीला जाते." जुडग्यातली हिरव्या चिंधीची चावी तिनं वर धरून दाखवली. "ही बग. नझीरनं मागितली न्हाय, म्हनजे अमानत माज्याकडंच की."

सोनूबाई मोठ्यानं हसली. तिची सुटका झाली होती, तिला हसायचा हक्क होता. बाकी कुणी हसलं नाही. मनाली उभीच होती, फाइल छातीशी धरून.

"खाला, भाड्यानं दिलेलं घर भाडेकरूचं असतं," ती हळूहळू म्हणाली. "मालकालासुद्धा विचारून यावं लागतं. कायदा आहे तो."

"कायदा असंल गो. पन मी काय घेतलं?"

"काही नाही घेतलंत." मनालीचा आवाज फुटला. "पण तीन आठवडे मी दाराला खुर्ची लावून झोपतेय. खुर्चीवर पाण्यानं भरलेला हंडा ठेवते, म्हणजे कुणी ढकललं तर वाजेल. मला झोप लागत नाही खाला. मला वाटायचं, आज वस्तू हलवतो तो उद्या मी घरात असताना येईल."

खालाचा चावी धरलेला हात खाली आला.

"माज्यामुळं?" तिनं विचारलं.

मनालीनं मान डोलावली.

कायद्याचं खालाला काही वाटलं नव्हतं. पोलिसांचं तर त्याहून नाही. पण हे मात्र तिला लागलं. एकोणीस वर्षं ती घरं सांभाळत होती, आणि त्यातल्या एका घरात एक पोर तिच्याच पावलांना घाबरून जागी राहत होती. ती उठली. कमरेचा जुडगा सोडवायला तिला वेळ लागला, गाठ जुनी होती. माझ्यासमोरच्या टेबलावर तिनं तो ठेवला.

"हे घे गुणाजी. तेवीसच्या तेवीस. ज्याला अमानत कळत न्हाय त्यानं ती ठेवू नये."

"अगो खाला, एका चावीचं..."

"न्हाय," ती म्हणाली, आणि चालू लागली. चाव्यांचा आवाज न करता चालणारी जैबूखाला मी पहिल्यांदाच पाहिली. मला ते अजिबात बघवलं नाही.

त्या रात्री मी नझीरला फोन लावला. तो बिचारा ओशाळला. "काका, खालाला मी विसरलोच. पण तिला काही बोलू नका हां." मी म्हटलं, बोलायला ती आता थांबली पाहिजे ना.

मनाली पोलिसांत गेली नाही. सोनूबाईच्या दारात जाऊन तिनं माफी मागितली, त्यावर सोनूबाई म्हणाली, "माफी वगैरे ठेव, दोरी सरकव." दुसऱ्या दिवशी कपड्यांची दोरी गच्चीच्या वाऱ्याकडच्या बाजूला गेली. त्यांचं भांडण मिटलं म्हणता येणार नाही, पण आता त्या बरोबरीनं भांडतात.

जुडगा माझ्या खुंटीला आला, आणि माझी फजिती सुरू झाली. पहिल्या गुरुवारी मी गच्चीवर जाऊन सगळे वॉल्व उघडले. तेवीस चिंध्यांपैकी पिवळी चिंधी तीन दारांना लावून पाहिली, चौथ्याला लागली. तेवढ्या यशानं हुरळून जाऊन आतला नळ सोडला आणि पुढच्या दाराची चिंधी शोधायला बाहेर आलो. नळ तसाच. तासाभरानं सोनूबाईच्या छतातून पाणी तिच्या भाताच्या तपेल्यात.

"सेक्रेटरी हाय का नाला?" ती जिन्यातून ओरडली. मी उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न योग्य होता.

दुसऱ्या गुरुवारी एक किल्ली मी कुलपात मोडली. आखाती देशांतून फोन सुरू झाले. बातमी तिकडे माझ्याआधी पोचली होती. प्रत्येक जण एकच विचारायचा, "काका, खाला कुठंय? घराकडे कोण बघतंय?" मी म्हणायचो, मी बघतो. पलीकडून तोच प्रश्न पुन्हा यायचा. तेवीसातल्या एकानंही तिच्यावर संशय घेतला नाही. संशय घेतला तो तिनं स्वतःवर.

मी दोनदा जुडगा घेऊन तिच्या दारात गेलो. दोन्ही वेळा तिनं चहा दिला, जुडग्याकडे बघितलं नाही. गुरुवारी दुपारी ती पायरीवर बसून राहायची, हात मांडीवर, आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे तोंड करून. खिडकी बंद असायची.

"मरियमला काय सांगू रे मी?" दुसऱ्या वेळी तिनं विचारलं. याला सेक्रेटरीकडे ठराव नव्हता.

ऑक्टोबरात परतीच्या पावसानं चार दिवस झोडपलं. पाचव्या दिवशी मनाली माझ्याकडे आली.

"काका, मागच्या खोलीतून कुबट वास येतोय. दाराच्या खालून."

"जुडगा घेऊन जा आणि उघड. हिरवी चिंधी."

"मी का उघडू? ती खोली माझी नाही." तिनं जरा थांबून विचारलं, "त्या तिथं बसून काय करायच्या?"

मी सांगितलं. मैत्रिणीचा पलंग, खाडीकडची खिडकी, जुमेरात, आणि हातात हात घेऊन दिलेला शब्द. मनाली ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला हे कुणी आधी का नाही सांगितलं?"

हा दुसरा योग्य प्रश्न. या वर्षी माझ्या वाट्याला योग्य प्रश्न फार आले.

आम्ही दोघं मोहल्ल्यात गेलो. खालानं खुर्च्या पुढे केल्या. मनाली बसली नाही.

"खाला, मी लॅच बदललंय. त्याची चावी मी तुम्हाला देणार नाही. कुणालाच देणार नाही."

"नकोच गो," खाला खाली बघत म्हणाली.

"गुरुवारी मी आता साडेपाचलाच घरी येणार आहे. तुम्ही यायचं आणि बेल वाजवायची."

"बेल?"

"बेल. मी उघडेन. मग तुम्ही तुमच्या खोलीत जा, हवं तेवढं बसा."

"आणि तू नसलीस तर?"

"तर परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी यायचं."

मरियमच्या दारातून परत जायचं, ही गोष्ट खालाच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "आणि ताटली?" तिनं शेवटी विचारलं.

"ताटली मी ठेवते आता," मनाली म्हणाली. "मांजरानं दोनदा दूध प्यायलं."

त्या गुरुवारी साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना खाला आमच्या जिन्यात आली. धुतलेली सलवार, नवी ओढणी, पाहुणी जाते तशी. गच्चीवर सोनूबाईचा जवळा होता म्हणून तिकडे गेलीच नाही. मी जुडगा घेऊन मागे. तिनं त्यातली फक्त मरियमच्या खोलीची चावी काढून घेतली, बाकीचा माझ्याच हातात राहू दिला. मधे दोनदा थांबून आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो, आणि ती दारासमोर नुसती उभी राहिली.

"वाजव ना," मी म्हटलं.

"कुटं दाबायचं?"

मी बटण दाखवलं. मरियमबी होती तेव्हा ते दार दिवसभर उघडं असायचं, आणि ती गेल्यावर खालाकडे चावी होती. इतक्या वर्षांत या घराची बेल वाजवायची वेळच तिच्यावर आली नव्हती. खालानं बोट ठेवलं आणि ते उचलायचंच विसरली. बेल आत वाजतच राहिली.

"आले, आले, आले!" आतून आवाज आला. पावलं वाजली. कडी निघाली आणि दार आतून उघडलं. मनाली उभी होती, हाताला कणीक.

खालाचं उजवं पाऊल सवयीनं आत पडलं. सवयीनंच ती मोठ्यानं म्हणाली, "अस्सलामु अलैकुम." नेहमीसारखं, घराला.

मनालीला याचं उत्तर काय द्यायचं ते माहीत नव्हतं. ती गोंधळली, हात पदराला पुसायला गेली, पण अंगात पंजाबी ड्रेस होता. मग तिला जे येत होतं ते ती म्हणाली.

"या खाला. आत या."

जैबूखाला उंबऱ्यावर थबकली. तेवीस घरं, शिवाय स्वतःचं चोविसावं, एकोणीस वर्षं दर आठवड्याला, आणि घराला केलेल्या तिच्या सलामाला आजवर कुणी आतून ओ दिली नव्हती. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. माझेही भरले, मी मात्र जिन्यातल्या ट्यूबलाइटकडे बघत ती उडते आहे का ते तपासलं.

आतून कुबट वास येत होता. खालाला तो आला असावा, कारण तिनं नाक वर केलं, ओढणी खोचली आणि पुढे निघाली. दोन पावलं जाऊन थांबली. मागे वळून न बघता तिनं माझ्याकडे हात पसरला.

मी जुडगा तिच्या हातात ठेवला.